संचार साथी: फोन जाण्याआधी उघडून बघायची वेबसाइट

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ‘संचार साथी’ या सरकारी मोबाइल-सुरक्षा सेवेचं नाव घरोघरी पोचलं, पण भलत्याच कारणाने. हे ॲप प्रत्येक नव्या हँडसेटमध्ये आधीच भरून द्यायचं, असा आदेश दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबरला फोन कंपन्यांना दिला होता. पाळतीच्या शंकेवरून गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. त्या धुरळ्यात ही सेवा नेमकी काय करते, कुठे उपयोगी पडते आणि कुठे हात वर करते, हे बघायचं राहूनच गेलं.

ते बघायला ॲप लागत नाही. वेबसाइट १६ मे २०२३ पासून सुरू आहे, ॲप जानेवारी २०२५ मध्ये आलं, आणि ॲपमधलं जवळजवळ प्रत्येक काम वेबसाइटवर होतं. ॲपची खरी सोय एकच: संशयास्पद कॉल किंवा मेसेज फोनच्या यादीतून थेट उचलून तक्रारीत टाकता येतो. त्यासाठी अँड्रॉइडवर ते कॉल-लॉग आणि एसएमएसची परवानगी मागतं. रोज फसवे कॉल येत असतील आणि ते चिकाटीने कळवायची तयारी असेल तर ॲप ठेवा. वर्षातून दोनदा सिमची यादी बघायची असेल तर ब्राउझर पुरे. पत्ता मात्र स्वतः टाइप करा आणि तो ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतोय ना, ते बघा. सरकारी सेवांच्या नावाने काढलेल्या नकली साइट शोधयंत्रात वरच्या जाहिरातीत येऊन बसतात.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. संचार साथी तुमचे पैसे वाचवत नाही आणि फोनमधले फोटोही नाही. ती दोनच ओळखी सांभाळते: तुमच्या नावावरची सिम आणि हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्याचा पंधरा आकडी ओळख क्रमांक. बाकीची राखण तुमची तुम्हालाच करावी लागते. हे कळलं की या सेवेकडून काय मागायचं तेही कळतं.

आपल्या नावावर किती सिम?

सगळ्यात चोख चालणारा भाग हा. मोबाइल नंबर आणि कॅप्चा टाकला की ओटीपी येतो आणि त्याच नावावरच्या नंबरांची यादी उघडते. मधले आकडे झाकलेले असतात. प्रत्येक नंबरासमोर तीन पर्याय असतात: ‘हा माझा नंबर नाही’, ‘हा आता नको’ आणि ‘हा हवा आहे’. तक्रार केलीत की संदर्भ क्रमांक मिळतो आणि कंपनीला त्या ग्राहकाची फेरपडताळणी करावी लागते.

यादी बघायची गरज का पडते, ते सिमच्या दुकानात काउंटरवर उभं राहिलं की समजतं. ग्राहकाने अंगठा ठेवला, मशीनवर हिरवा दिवा लागला, आणि दुकानदार म्हणतो, “नीट आला नाही, परत ठेवा.” कधी खरंच आलेला नसतो. कधी पहिल्या अंगठ्यावर तुमचं सिम निघालेलं असतं आणि दुसऱ्यावर आणखी कुणाचं तरी. ते सिम पुढे फसवणुकीच्या टोळीकडे गेलं तर पोलिसांच्या कागदावर नाव तुमचं येतं. म्हणून नवं सिम घेतल्यावर आठ-दहा दिवसांनी यादी उघडून बघायची. अंगठा पुन्हा मागितला तर आधी पहिल्या प्रयत्नाचं काय झालं ते स्क्रीनवर दाखवायला सांगा. यात भिडस्तपणा नको.

एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम असू शकतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ६. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे मर्यादा ओलांडली तर पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी २ लाखांपर्यंत दंड आहे. मराठी घरात ही मर्यादा वाटते तितकी लांब नसते. वडिलांच्या नावावर आईचं सिम, मुलाचं कॉलेजातलं, डोंगलचं, दुकानाच्या कार्ड मशीनचं, गावाकडच्या काकांचं. आणि इथेच लोक चुकतात. अनोळखी नंबर दिसला म्हणून घाईने ‘माझा नाही’ दाबतात आणि थोड्या दिवसांनी काकांचा फोन बंद. आधी झाकलेल्या नंबराचे दिसणारे आकडे घरातल्या प्रत्येकाच्या नंबराशी ताडून बघा. ‘आता नको’ दाबण्याआधी तर त्याहून जास्त सावध राहा: तो जुना नंबर एखाद्या बँक खात्याला, आधारला किंवा पीएफला जोडलेला असेल तर आधी तिथला नंबर बदला. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमच्या खात्याचे ओटीपी नागपुरातल्या कुणा अनोळखी माणसाला जायला लागतात.

दुसरी गोम अशी की यादी तुमची नसून ज्या नंबराने तुम्ही आत शिरलात त्याच्या मालकाची असते. सिम वडिलांच्या नावावर असेल तर वडिलांची यादी दिसेल आणि तुमच्या नावाचा गैरवापर झाला आहे की नाही, ते कळणारच नाही. स्वतःच्या नावावरच्या नंबरानेच तपासा.

हा भाग पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो झाकलेल्या आकड्यांसाठी. गोपनीयतेसाठी ते बरोबरच आहे, पण दुकान कुठलं आणि सिम कधी निघालं एवढं दिसलं असतं तरी निम्मा गोंधळ मिटला असता.

सेकंड-हँड फोन घेताना

फोनवर *#०६# दाबलं की आयएमईआय दिसतो. तो नंबर ‘केवायएम’ या तीन इंग्रजी अक्षरांपुढे जागा सोडून लिहायचा आणि १४४२२ वर एसएमएस करायचा, किंवा वेबसाइटवर टाकायचा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. हातातला फोन एका कंपनीचा आणि उत्तर दुसऱ्याच कंपनीचं, किंवा ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’, ‘ऑलरेडी इन यूज’ यांपैकी काही आलं, तर फोन काउंटरवर ठेवा आणि चालू पडा. किंमत कितीही खाली येवो. आयएमईआय बदलणं हा साधा खोडसाळपणा नाही. दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

पण उत्तर स्वच्छ आलं म्हणजे फोन चोरीचा नाही, असं होत नाही. मूळ मालकाने तक्रार नोंदवलेली नसेल तर यंत्रणेला काही ठाऊकच नसतं. काल चोरलेला फोन आज विकायला आला तर तो कोराच दिसणार. म्हणून एसएमएसच्या जोडीला तीन गोष्टी बघा: *#०६# वरचा आकडा, सेटिंग्जमधला आकडा आणि खोक्यावरच्या स्टिकरवरचा आकडा एकच आहे का, मूळ बिल आहे का, आणि विकणारा तुमच्यासमोर स्वतःचं गुगल किंवा ॲपल खातं काढून फोन रीसेट करतोय का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पासवर्ड ठाऊक नसलेला विक्रेता मालक नसतो, मग तो कितीही गोड बोलो.

चक्षू आणि १९३०

‘चक्षू’ ऐकून नेत्रतपासणी शिबिर आठवतं, पण ही फसव्या कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सॲप संदेशांची तक्रारपेटी आहे. केवायसी संपलं, वीज आज रात्री तोडणार, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, दोन तासांत नंबर बंद होणार, ९ दाबा, या सगळ्या मालाची नोंद इथे. गेल्या ३० दिवसांतलं असेल तरच घेतात. तारीख, वेळ, समोरचा नंबर आणि स्क्रीनशॉट तयार ठेवला तर तीन-चार मिनिटांत काम होतं. तुमच्या एकट्याच्या तक्रारीचा तपास होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. अनेकांनी एकच नंबर कळवला की तो बंद व्हायला मदत होते, एवढाच तिचा उपयोग.

बँकेच्या नावाने आलेला एसएमएस खरा की खोटा, हे बघायला तर कुठलंच ॲप लागत नाही. पाठवणाऱ्याचं नाव अक्षरांत असतं आणि शेवटी आडव्या रेघेनंतर एक अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. दहा आकडी मोबाइल नंबरावरून ‘तुमचं खाते गोठवले आहे’ असा मेसेज आला तर पुढचा मजकूर वाचायचीही गरज नाही.

आणि पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका. तिथे तशी तक्रार घेतच नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. हातात चार गोष्टी हव्यात: तुमची बँक आणि खाते किंवा यूपीआय आयडी, रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो आणि ॲपच्या व्यवहार-तपशिलात सापडतो. तुमची तक्रार ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेकडे जाते आणि त्या खात्यात उरलेली रक्कम रोखली जाते. पुढच्या बँकेत गेली असेल तर तक्रारही तिच्यामागे पुढे सरकते. चोर मात्र पैसे एका खात्यातून पाच खात्यांत आणि तिथून एटीएमपर्यंत नेत असतो. त्यामुळे ‘आधी घरच्यांशी बोलतो, मग बघतो’ यात जातो तो प्रत्येक अर्धा तास चोराच्या पथ्यावर पडतो.

फोन गेला

या सेवेचं सगळ्यात गाजलेलं आणि सगळ्यात चुकीच्या क्रमाने वापरलं जाणारं काम म्हणजे हरवलेला फोन ब्लॉक करणं. ही यंत्रणा सुरुवातीला, सप्टेंबर २०१९ मध्ये, महाराष्ट्रातच प्रायोगिक म्हणून सुरू झाली होती. आज ती देशभर चालते.

फोन गेल्या गेल्या लोक आयएमईआय ब्लॉक करायला धावतात. ते काम शेवटचं आहे. चोराला हँडसेटपेक्षा आधी सिममध्ये रस असतो. फोन लॉक असला तरी सुई टोचून सिमचा ट्रे निघतो, ते सिम दुसऱ्या फोनमध्ये बसतं आणि तुमचे ओटीपी तिकडे यायला लागतात. यूपीआय पिन नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचा तपशील लागतो किंवा आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. आता फोनच्या कव्हरमध्ये मागे काय खोचलेलं असतं ते आठवा: एटीएम कार्ड, नाहीतर आधारची घडी घातलेली झेरॉक्स. चोराला आणखी काही शोधावं लागत नाही.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय सिमचा पिन. तो सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ नावाने असतो आणि बहुतेकांनी कधी उघडलेलाच नसतो. कंपनीने दिलेला सुरुवातीचा पिन विचारून घ्या, तो टाकून लॉक चालू करा आणि मग स्वतःचा ठेवा. अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की फोन आठ आकडी पीयूके, म्हणजे सिमचं कुलूप उघडायचा कोड मागतो आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. पिन लावलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तो आधी पिन मागतो, ओटीपी येणं दूरच.

बाकीची तयारी कागदावर. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. दोन्ही लिहून घरात ठेवा, कारण एकच ब्लॉक केला तर दुसऱ्या खाचेतलं सिम बिनबोभाट चालू राहू शकतं. बिलाची पीडीएफ स्वतःला मेल करून ठेवा. आता उशीर झाला असेल तर खोक्याचं स्टिकर, दुकानाचं किंवा ऑनलाइन खरेदीचं बिल, नाहीतर दुसऱ्या यंत्रावरून गुगल किंवा ॲपल खात्यातली उपकरणांची यादी बघा. तिथे आयएमईआय मिळतो.

क्रम असा ठेवा. पहिला फोन सिम कंपनीला, सिम बंद करायला. दुसरा बँकेला, फक्त कार्ड नको, यूपीआय आणि मोबाइल बँकिंगही बंद करायला सांगा. मग दुसऱ्या फोनवरून अँड्रॉइडसाठी ‘फाइंड हब’ किंवा आयफोनसाठी ‘फाइंड माय’ उघडून फोन लॉक करा. सगळं पुसून टाकायची घाई नको: अँड्रॉइड पुसला की त्याचं ठिकाण दिसणं बंद होतं. आयफोन पुसला तरी चालेल, पण खात्यातून काढू नका. काढला की त्याचं कुलूप सुटतं आणि चोराला तेच हवं असतं. म्हणूनच दोन-चार दिवसांनी ‘तुमचा आयफोन सापडला आहे, ठिकाण बघायला इथे पासवर्ड टाका’ असा मेसेज येतो. तो चोराच्या साखळीकडूनच आलेला असतो.

मग पोलीस. लोकलमध्ये किंवा फलाटावर गेला तर लोहमार्ग पोलीस, स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडवर गेला तर शहर पोलीस. हद्दीवरून टोलवाटोलवी सुरू झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लक्षात ठेवा: हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हातातून हिसकावला असेल तर ‘गहाळ’ लिहून देऊ नका. हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि फोनचा विमा असेल तर गहाळच्या दाखल्यावर दावा अडकू शकतो. खरोखरच कुठे विसरला असेल तर गहाळचा दाखला पुरतो. ब्लॉकिंगच्या अर्जाला पोलिसांकडची नोंद लागते.

त्यानंतर त्याच नंबराचं डुप्लिकेट सिम. अर्जाचा ओटीपी याच नंबरावर येतो, आणि इथे बहुतेकांचा पाय अडखळतो. नव्याने दिलेल्या सिमवर एसएमएस सेवा २४ तासांनी सुरू होते. सिम फसवून दुसऱ्याच्या हाती गेलं तर ओटीपी लगेच मिळू नयेत, म्हणून हा नियम आहे. तो माहीत नसलेला माणूस त्याच संध्याकाळी अर्ज भरायला बसतो, ओटीपी येत नाही आणि साइटला शिव्या घालून उठतो. दुसऱ्या दिवशी भरा.

अर्जात दोन्ही आयएमईआय, कंपनी आणि मॉडेल, बिल, हरवल्याचं ठिकाण आणि तारीख, जिल्हा आणि पोलीस ठाणं, तक्रार क्रमांक, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र एवढं लागतं. कागदांचे फोटो कमी आकाराचे करून ठेवा. अर्ज गेला की विनंती क्रमांक मिळतो. हा क्रमांक डुप्लिकेट सिम घातलेल्या नव्या फोनमध्येच फक्त ठेवू नका, घरच्या कॅलेंडरवर लिहा. २४ तासांच्या आत फोन देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद होतो.

बंद म्हणजे किती बंद? वाय-फाय चालतं, कॅमेरा चालतो, सीमेपलीकडे गेला तर तिथलं सिमही चालू शकतं, आणि सुटे भाग म्हणून विकला तर स्क्रीनला आयएमईआय नसतो. ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कुणी सिम घातलं की माग काढायची माहिती पोलिसांकडे जाते, तुमच्याकडे नाही. नकाशावर ठिपका हलताना दिसेल या आशेने वेबसाइट उघडत राहू नका. तपासाची विचारणा तक्रार क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यातच करावी लागते. तरीही या भागाला पाचपैकी चार, कारण बंद पडलेल्या फोनला बाजारात भाव मिळत नाही आणि परत मिळालेल्या फोनांमागे बहुतेकदा हीच नोंद असते.

फोन परत मिळाला तर एक काम उरतं, आणि तेच लोक विसरतात. पोलिसांनी फोन हातात दिला म्हणून ब्लॉक आपोआप उठत नाही. वेबसाइटवर ‘सापडलेला फोन अनब्लॉक करा’मध्ये विनंती क्रमांक, नंबर आणि कारण टाकून ओटीपी द्यावा लागतो. ते करायच्या आधी सिम घालाल तर नेटवर्क येणार नाही, आणि कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला फोन उघडून ‘नेटवर्क आयसी गेलाय, अडीच हजार होतील’ म्हणेल.